चेक कंपनीचा, पैसा सरकारचा

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली एखादी कंपनी पडझड झालेल्या वस्तीत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला वर्षाला एक लाख डॉलर देते. सहा किंवा त्याहून जास्त वर्षं देत राहीन, असा करार तिने केला असेल तर राज्य सरकार तिच्या करातून त्यातले ८० हजार डॉलरपर्यंत माफ करतं. उरलेले २० हजार केंद्रीय करासाठी खर्चात धरले की २१ टक्के दराने आणखी ४,२०० डॉलर वाचतात. म्हणजे संस्थेच्या हाती पडलेल्या लाखापैकी कंपनीच्या खिशातून गेले १५,८००. वार्षिक अहवालातला फोटो मात्र लाखाचा असतो. आपल्याकडच्या ८०जी कलमाची सवय असलेल्या वाचकाला हा हिशेब पटकन पचणार नाही, कारण ८०जीमध्ये देणगीचा काही भाग उत्पन्नातून वजा होतो, करातून नाही. २५ टक्के दराने कर भरणाऱ्या भारतीय कंपनीने निम्म्या वजावटीस पात्र असलेल्या संस्थेला एक लाख रुपये दिले तर अधिभार सोडून तिचे साडेबारा हजार वाचतात, आणि २०१९ पासूनचा २२ टक्क्यांचा सवलतीचा दर स्वीकारलेल्या कंपनीला तर तेही मिळत नाहीत. पेनसिल्व्हेनियात सूट थेट कराच्या देण्यातूनच मिळते.

या व्यवस्थेचं मूळ १९६७च्या ‘नेबरहूड असिस्टन्स ॲक्ट’मध्ये, म्हणजे शेजार-सहाय्याच्या कायद्यात आहे. मोठ्या शहरांतले कारखाने तेव्हा बाहेर पडत होते, बँका कृष्णवर्णीय वस्त्यांना कर्ज देत नव्हत्या, आणि १९६४मध्ये उत्तर फिलाडेल्फियात दंगल होऊन गेली होती. वस्ती सावरायची तर उद्योगांना तिथे गुंतवून ठेवलं पाहिजे, या विचारातून हा कायदा आला. पुढे मिसुरी, व्हर्जिनिया, कनेक्टिकट, इंडियाना या राज्यांनी आपापल्या दरांनी तसेच कायदे केले. या सवलतींबद्दल बोलणारे बहुधा दोन गटांत वाटले जातात. एकाला यात उद्योगांचं औदार्य दिसतं, दुसऱ्याला करचुकवेगिरीचा सभ्य प्रकार. वरचा हिशेब पाहिला की दोघांचंही म्हणणं टिकत नाही. १५,८०० डॉलरमध्ये लाखाचं पुण्य मिळत असेल तर त्याला औदार्य म्हणता येत नाही. आणि करचुकवेगिरी म्हणावी तर पैसा कंपनीकडे राहतच नाही, पूर्ण लाख संस्थेकडे जातात. अमेरिकेच्या करखात्यानेही २०१९च्या नियमांत जवळपास हेच मान्य केलं. राज्याच्या करात पंधरा टक्क्यांहून जास्त सूट मिळत असेल तर तेवढी रक्कम देणगीतून कमी करूनच केंद्रीय वजावट मागावी, असं त्याने ठरवलं, कारण जे परत मिळालं ते दिलं असं म्हणता येत नाही. कंपन्यांना धंद्याचा खर्च म्हणून वेगळी वाट ठेवली गेली, पण तत्त्व तेच.

तेव्हा हा ८० टक्के सार्वजनिक पैसा आहे आणि त्याचा न्याय सार्वजनिक पैशाच्याच कसोटीवर व्हायला हवा, इथून सुरुवात करू. मग प्रश्न असा, की सरकारने ८० डॉलर स्वतः का देऊ नयेत? कंपनीचे २० डॉलर मिळवण्यासाठी एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? माझं म्हणणं असं, की या २० डॉलरांसाठी सरकारने एवढी खटपट करावी इतकी त्यांची किंमत नाही. कंपनीकडून विकत घेण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे वर्षं. आज कायदा हे अर्धवट ओळखतो. साध्या प्रकल्पाला ५५ टक्क्यांपर्यंत सूट, पाच वर्षांच्या भागीदारीला ७५ आणि सहा किंवा अधिक वर्षांच्या भागीदारीला ८०. ही चढती पायरी योग्य दिशेला आहे, पण पहिली पायरी ठेवायचंच काही कारण नाही.

हे पटण्यासाठी आधी एक शंका दूर करावी लागेल. अशा वस्त्यांतल्या छोट्या संस्था खरंच काही साधतात का, की सभा, पत्रकं आणि कार्यालयाचं भाडं एवढंच? याचं चांगलं उत्तर समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दिलं. वीसहून अधिक वर्षांचा काळ आणि अमेरिकेतली २६४ शहरं घेऊन त्यांनी पाहिलं, की दर एक लाख लोकवस्तीमागे गुन्हे आणि वस्तीजीवन या क्षेत्रांत काम करणाऱ्या दहा संस्था वाढल्या की खुनांचं प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी आणि हिंसक गुन्ह्यांचं ६ टक्क्यांनी घटतं. १९९०च्या दशकात अमेरिकेतले गुन्हे अचानक उतरले, त्याचं श्रेय पोलीस आणि तुरुंग यांना देण्याची रीत आहे. या अभ्यासाने श्रेयाच्या यादीत आणखी एक नाव घातलं, ज्याच्यासाठी कोणीच झेंडा घेऊन उभं नव्हतं. दुसरा पुरावा फिलाडेल्फियातला आहे आणि तो अधिक नेमका आहे, कारण तो औषधाच्या चाचणीसारखा चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग होता. शहरातले ५४१ पडीक भूखंड निवडले. काहींवरचा कचरा उचलला, माती टाकली, गवत पेरलं, थोडी झाडं लावली आणि कडेने बुटकं लाकडी कुंपण घातलं, आत यायला वाट ठेवून. काहींवर फक्त सफाई केली, काही तसेच ठेवले. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दारिद्र्यरेषेखालच्या भागांत अशा सुधारलेल्या भूखंडांभोवती बंदुकीचे गुन्हे २९ टक्क्यांनी कमी झाले. बंदूक लपवायला उंच गवत आणि पडक्या भिंती लागतात, त्या राहिल्या नाहीत. आणि जिथे कोणी लक्ष ठेवतंय हे दिसतं तिथे लोक ओट्यावर येऊन बसतात.

आता या भूखंडाकडे पैसे देणाऱ्याच्या नजरेने पाहा. माती, बी आणि कुंपण हा एकदाचा खर्च आहे आणि तो मिळवणं सोपं आहे, उद्घाटन करता येतं, पाटी लावता येते. पण गवत दर उन्हाळ्यात वाढतं. ते नियमित कापलं नाही तर एका हंगामात भूखंड पुन्हा होता तसा होतो आणि कचऱ्याच्या पिशव्या परत येऊ लागतात. दहाव्या वर्षीच्या गवतकापणीसाठी कोणी अनुदान देत नाही. याहून कंटाळवाणं काम म्हणजे घरांच्या कागदपत्रांचं. प्यू संस्थेच्या २०२१च्या अहवालानुसार फिलाडेल्फियात दहा हजारांहून अधिक घरांची मालकी कागदोपत्री अडकलेली आहे आणि त्या घरांची एकूण किंमत १.१ अब्ज डॉलरच्या वर जाते. घर आजीच्या नावावर, आजी वारली, मृत्युपत्र नाही, वारसनोंद कोणी केली नाही, नातू राहतो आणि करही भरतो, पण कायद्याच्या लेखी मालक नाही. आपल्याकडे तलाठ्याच्या सजेत खेपा घातलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. अशा नातवाला छत दुरुस्तीचं सरकारी अनुदान मिळत नाही, कर्ज मिळत नाही, करथकबाकीच्या हप्त्यांसाठीही अडवणूक होते. छत गळतं, भिंत ओली होते, शेवटी घर रिकामं पडतं आणि शेजारच्या दोन घरांची किंमत घेऊन खाली बसतं. हे वाचवायचं तर वस्तीतल्या संस्थेत एक माणूस हवा, जो दाखले गोळा करेल, दूरच्या चुलतभावाची सही आणेल, वकिलाकडे पाठपुरावा करेल. त्याचा पगार म्हणजे ‘चालू खर्च’, आणि चालू खर्च हा शब्द ऐकला की बहुतेक दात्यांची लेखणी थांबते.

सरकारी पैसा इथे कमी का पडतो हेही पाहायला हवं, नाहीतर सरकारने थेट द्यावं हा आक्षेप उभाच राहील. १९७४पासून शहरांना केंद्राकडून मिळणारं सामुदायिक विकास अनुदान हा या कामाचा मोठा आधार. पण त्यातला सर्वसाधारणपणे १५ टक्केच भाग लोकसेवांवर आणि २० टक्केच नियोजन-प्रशासनावर खर्च करता येतो. बाकी विटा, रस्ते, दुरुस्त्या. हे अनुदान पूर्ण बंद करण्याचा प्रस्ताव २०१७मध्ये व्हाइट हाउसने मांडला होता. अमेरिकी काँग्रेसने तो मानला नाही, पण ज्या संस्थेला पुढच्या वर्षी पगार होईल की नाही हे माहीत नसतं ती पाच वर्षांची योजना काय आखणार? राज्याचा अनुभव याहून बोलका आहे. १ जुलै २०१५ला सुरू झालेल्या आर्थिक वर्षाचा पेनसिल्व्हेनियाचा अर्थसंकल्प राज्यपाल आणि विधिमंडळ यांच्या भांडणात मार्च २०१६पर्यंत पूर्ण होऊ शकला नाही. नऊ महिन्यांच्या या ओढाताणीत शाळांनी कर्जं काढली आणि सामाजिक संस्थांनी कामं आवरली, माणसं घरी बसवली. लोकशाहीत अर्थसंकल्प दरवर्षी नव्याने मंजूर व्हावा हे रास्तच आहे, त्यात बदल व्हावा असं कोणी म्हणणार नाही. पण या वार्षिक ठोक्याच्या बाहेर राहणारा थोडा पैसा वस्तीला लागतो. कंपनीने केलेला सहा वर्षांचा लेखी करार तो पुरवू शकतो. राज्याच्या मर्जीतून तोही पूर्ण सुटत नाही, सूट शेवटी राज्यानेच द्यायची असते. तरी संस्थेच्या दारात उभा राहणारा हात बदलतो. फिलाडेल्फिया शहराने आपल्या व्यवसायकराच्या बाबतीत अशीच व्यवस्था केली तेव्हा मुदत थेट दहा वर्षांची ठेवली, वर्षाला एक लाख डॉलरपर्यंतची सूट, आणि समोर एक ठरावीक सामुदायिक विकास संस्था. मला राज्याच्या कायद्यापेक्षा शहराची ही अट अधिक शहाणपणाची वाटते.

लांब पल्ल्याची साथ काय करते आणि कुठे थांबते, हे दोन्ही दाखवणारं उदाहरण याच शहरात आहे. टेस्टी बेकिंग ही फिलाडेल्फियाची लाडकी बेकरी कंपनी १९१४मध्ये सुरू झाली आणि १९२०च्या दशकात हंटिंग पार्क ॲव्हेन्यूवरच्या मोठ्या कारखान्यात आली. तिचे छोटे केक त्या शहरात आपल्याकडच्या पार्लेजीइतके घरोघरी पोचलेले. १९६०च्या दशकात कारखान्याभोवतीची ॲलेगेनी वेस्ट ही वस्ती घसरू लागली तेव्हा कंपनीपुढे दोन वाटा होत्या, उपनगरात निघून जायचं किंवा राहायचं. तिने राहायचं ठरवलं आणि १९६८मध्ये वस्तीच्या विकासासाठी संस्था उभी केली. रिकामी घरं घ्यायची, दुरुस्त करायची आणि राहणाऱ्यांना परवडतील अशी विकायची, हे काम तिथे वर्षानुवर्षं चाललं, आणि पुढच्या अनेक भागीदाऱ्यांना हाच नमुना झाला. यात परोपकाराइतकाच स्वार्थ होता, आणि स्वार्थ होता म्हणूनच ते टिकलं. कामगार त्याच गल्ल्यांतून येत होते, ट्रक त्याच रस्त्यांवरून जात होते. मग २०१०च्या सुमारास कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, नेव्ही यार्डमधल्या नव्या इमारतीत गेला आणि २०११मध्ये जॉर्जियातल्या फ्लॉवर्स फूड्सने कंपनीच विकत घेतली. कंपनीला वस्तीशी बांधणारा धागा कारखान्याच्या पत्त्याचा होता. पत्ता बदलला आणि ते बंधन सैल झालं. चाळीसेक वर्षं ही काही थोडी मुदत नव्हे. तरी करारात निघून जाण्याबद्दलचं कलम असलंच पाहिजे, हा धडा मी त्यातून घेईन: कंपनी विकली गेली किंवा हलली तर विकत घेणाऱ्याने उरलेली वर्षं पूर्ण करावीत, नाहीतर दिलेल्या सुटीतला काही भाग परत करावा. राज्य नेमकं याच सातत्याला जादा दर मोजतं.

यातूनच सर्वात गंभीर आक्षेप पुढे येतो. ॲलेगेनी वेस्टला टेस्टी बेकिंग लाभली कारण ती तिथे होती. त्याच उत्तर फिलाडेल्फियातल्या ज्या वस्तीतले कारखाने आधीच गेले होते तिच्याकडे कोण पाहणार? गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच कंपन्या सर्वांत कमी. पैसा आपला रस्ता स्वतः निवडू लागला की काय होतं ते २०१७च्या ‘ऑपॉर्च्युनिटी झोन’ योजनेने दाखवून दिलं. देशभरात ८,७००हून अधिक गरीब भाग त्यासाठी नेमले गेले, पण गुंतवणूक मोजक्या, आधीच वर येत असलेल्या भागांत साठली आणि बहुसंख्य भाग कोरडेच राहिले. शेजार-सहाय्याच्या कायद्यात हा धोका थोडा कमी आहे, कारण इथे पैसा घेणारी संस्था असते आणि प्रकल्प राज्याच्या खात्याने मंजूर करायचा असतो. पण ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. चांगला प्रस्ताव लिहिता येणारी, संचालक मंडळावर एखादा बँकर असणारी संस्था आधी पोचते. म्हणून क्रम उलटा हवा. राज्याने वस्त्या आधी जाहीर कराव्यात, तिथल्या रहिवाशांनी आपल्या पाच-सात वर्षांच्या आराखड्याला मान्यता द्यावी, आणि मग कंपन्यांनी त्या यादीतून निवडावं. मॅसॅच्युसेट्सने याच्या जवळ जाणारं काहीतरी केलं आहे. तिथे सामुदायिक विकास संस्थेला आधी आपला वस्ती-आराखडा द्यावा लागतो, आणि देणगीदाराला निम्मी सूट मिळते. कर कमी भरावा लागत असेल तर ती रोख परत मिळते. म्हणजे तोट्यातली कंपनी, छोटा दुकानदार, इतकंच काय साधा नागरिकही त्यात येऊ शकतो. निवड मोठ्या करदात्यांच्याच हाती राहू नये यासाठी ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

दुसरा आक्षेप मिंधेपणाचा. ज्या बँकेच्या पैशावर संस्थेचा पगार होतो, त्या बँकेने वस्तीतल्या लोकांना कर्ज नाकारलं तर संस्था बोलेल का? बँकांना या सवलतीत दुहेरी फायदा आहे. सूट त्यांच्यावरच्या राज्यकरातून मिळते, शिवाय १९७७च्या ‘कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट ॲक्ट’खाली त्यांच्या स्थानिक कामाची जी तपासणी होते, तिच्यातही अशा देणग्या जमेस धरल्या जातात. त्यांचा संशय येणं साहजिक आहे. पण इथेही मुदतीचा मुद्दा उलट बाजूने उपयोगी पडतो. दरवर्षी पैसे मागायला जावं लागणारी संस्था सर्वांत मिंधी असते. सहा वर्षांचा करार हातात असेल आणि कंपनीला तो मधेच तोडता येत नसेल, तर तिसऱ्या वर्षी त्याच बँकेविरुद्ध सुनावणीत साक्ष द्यायला संस्थेला कमी भीती वाटेल. मिंधेपणा जात नाही, पण त्याचा दर उतरतो.

तिसरा आक्षेप यशाबद्दलचा आहे. फिलाडेल्फियाच्या न्यू केन्सिंग्टन भागात भूखंड साफ करून हिरवे केल्यावर लगतच्या घरांच्या किमती ३० टक्क्यांपर्यंत वाढल्याचं व्हार्टन बिझनेस स्कूलच्या अभ्यासाने दाखवलं. घरमालकाला हे वरदान आणि भाडेकरूला नोटीस. मालकालाही फार काळ वरदान नाही, कारण शहराने २०१४पासून घरांचं नवं मूल्यांकन लागू केल्यावर कित्येकांची करआकारणी एकदम चढली. तेव्हा तिप्पट किंवा त्याहून वाढलेल्या मूल्याला जुन्या रहिवाशांपुरता लगाम घालणारी योजना शहराला आणावी लागली. या आक्षेपाला कर-सवलतीकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणता येईल, की वस्ती सावरायला लागण्याआधीच जमीन आणि घरं ताब्यात ठेवणारी संस्था असेल तर काही घरं परवडणारी राहतात, आणि तशी संस्था एका वर्षाच्या देणगीवर उभी राहत नाही.

भारतात आपण याच्या बरोबर उलट टोकाला आहोत. कंपनी कायद्याचं कलम १३५ ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावतं, आणि २०१४पासून तो खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येत नाही. तिथे ऐच्छिक पण जवळजवळ फुकट, इथे सक्तीचं आणि बिनसवलतीचं. दोन्हींपैकी आपलं तत्त्व अधिक स्वच्छ आहे असं मला वाटतं. २०१९मध्ये उच्चस्तरीय समितीने वजावट द्यावी अशी शिफारस केली होती, ती मानली गेली नाही हे बरं झालं. पण मुदतीच्या बाबतीत आपण मागे आहोत. २०२१च्या नियमांनुसार ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो, आणि संस्थेच्या कायम निधीत पैसे घालण्याची वाट बंद झाली. पेनसिल्व्हेनिया सहाव्या वर्षाला बक्षीस देतं, आपण चौथ्या वर्षाला हिशेब मिटवायला लावतो. भूगोलाचा प्रश्न तर दोन्हीकडे सारखाच. या खर्चात महाराष्ट्र देशात पुढे आहे, पण म्हणून गडचिरोली किंवा नंदुरबार पुढे आहेत असं होत नाही. स्थानिक भागाला प्राधान्य द्या असं कायदा म्हणतो, आणि कारखाने कुठे आहेत ते सर्वांना माहीत आहे.

पेनसिल्व्हेनियाकडे परत येऊ, कारण तिथे दराचा प्रश्न लवकरच टोकाला येणार आहे. याच राज्याने २००१मध्ये शाळांच्या शिष्यवृत्त्यांसाठी तशीच कर-सवलत सुरू केली. तिच्यासाठी कंपन्यांची पहिल्याच दिवशी रांग लागते, सवलतीच्या एकूण रकमेची मर्यादा संपते आणि उरलेले परत जातात. एखाद्या वस्तूसाठी अशी रांग लागत असेल तर विकणारा किंमत वाढवतो. राज्याने शेजार-सहाय्याच्या सवलतीची किंमत वर्षांत वाढवावी: ज्याला ८० टक्के हवेत त्याने दहा वर्षं द्यावीत, एका वर्षाच्या देणगीला ५५ नव्हे तर साध्या वजावटीइतकंच मिळावं. त्यातून वाचलेली सूट यादीतल्या कंपनीविरहित वस्त्यांसाठी बाजूला काढता येईल. हे आत्ता करण्याचं कारण असं, की राज्याचा कंपनी-उत्पन्नकर २०२२पर्यंत ९.९९ टक्के होता, तो २०२३मध्ये एक टक्क्याने उतरला आणि त्यानंतर दरवर्षी अर्धा टक्का उतरत २०३१मध्ये ४.९९वर येणार आहे. ज्या करातून सूट घ्यायची तोच निम्मा झाला, की मध्यम कंपन्यांना या व्यवहारात रस उरणार नाही आणि बँका व विमा कंपन्यांचा वाटा आणखी वाढेल, कारण त्यांचे कर वेगळे आहेत आणि ते उतरत नाहीत. दहा वर्षांचे करार करायचे असतील तर ते त्या आधी, अजून सहीची किंमत मोठी आहे तेव्हाच करून घ्यावे लागतील.